गॅरेजमध्ये पाणी साचतं: उतार करावा, नाली की मोटर?

नागपूरच्या बऱ्याच वस्त्यांमध्ये सिमेंटचे रस्ते झाले, रस्ता वर आला आणि जुन्या घरांची गॅरेजं खाली राहिली. म्हणून मिस्त्री "कोबा (फरशीवर सिमेंटचा थर) करून गेटकडे उतार काढून देतो" म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. आधी पारदर्शक नळीत पाणी भरून गॅरेजची फरशी आणि बाहेरचा रस्ता यांची पातळी ताडून घ्या.

रस्ता खाली असेल, तर माझं मत सरळ उताराच्या बाजूनं आहे. त्याला वीज लागत नाही आणि एकदा नीट झालं की पुन्हा बघावं लागत नाही. मीटरमागे एक सेंटीमीटर उतार पुरतो. पण 5 मीटर लांबीच्या गॅरेजमध्ये मागची बाजू 5 सेंटीमीटर वर येते, तेव्हा घरात उघडणारं दार अडकणार नाही ना, ते बघा. जुनी जमीन टाचून म्हणजे छिन्नीनं खडबडीत करून, धुऊन मगच नवा थर टाकायला सांगा. गुळगुळीत फरशीवर तसाच टाकलेला पातळ कोबा सुटतो. पाणी एकाच खोलगट जागी थांबत असेल, तर तेवढीच जागा पॉलिमर मॉर्टरनं (चिकटपणासाठी पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यानं) भरा.

रस्ता वर असेल, तर नुसता उतार वाया जाईल. इथे गेटच्या आत आडवी नाली हवी, तिच्यावर गाडीचं वजन पेलणारी लोखंडी जाळी. रस्त्यावरून येणारं पाणी ती दारातच अडवते. पालापाचोळा मात्र नियमित काढावा लागतो. खरा प्रश्न नालीचं पाणी पुढे सोडायचं कुठे हा. शोषखड्डा स्वस्त वाटतो, पण काळ्या मातीत पाणी फार हळू मुरतं आणि ऐन पावसाळ्यात तो भरलेलाच राहतो. घराच्या गडरलाही जोडू नका. गडर तुंबलं की तेच घाण पाणी गॅरेजमध्ये उलटतं.

मग उरतो खड्डा आणि सबमर्सिबल मोटर, म्हणजे नालीचं पाणी खड्ड्यात गोळा करून पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटरनं बाहेर उपसणं. खर्च सर्वांत जास्त आणि जोराच्या पावसात वीज गेली की मोटर बंद. इन्व्हर्टर, फ्लोट स्विच (पाणी चढलं की मोटर आपोआप सुरू करणारा) आणि अर्थिंगसह आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घेणार असाल तरच या वाटेला जा. खड्ड्याला घट्ट झाकण बसवा. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

पाऊस नसतानाही ओल दिसते? कोरड्या फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. खालच्या बाजूला थेंब जमले, तर ओल जमिनीतून येतेय. अशा ठिकाणी इपॉक्सी (फरशीवरचा रेझिनचा लेप) लावू नका, ते फुगून सोलतं.

23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हासारख्या पुरापुढे यातलं काहीच टिकत नाही. तलावाच्या किंवा नाग नदीच्या काठच्या वस्तीत राहत असाल, तर जोराचा पाऊस लागताच गाडी उंचावर नेऊन लावा.