माद्रिदचं प्रादो म्युझियम: फुकटच्या वेळेत नको, तिकीट काढून निवांत बघा

स्पेनच्या ट्रिपमध्ये माद्रिदला एकच दिवस ठेवला असेल तरी त्यातला अर्धा प्रादोला द्याच. पेंटिंगमधलं आपल्याला काय कळतंय म्हणून न जाणारे बरेच असतात, पण इथे जाणकार असायची गरजच नाहीये, पायात चांगले शूज आणि हातात वेळ असला की झालं.

आधी तिकिटाचं सांगते. जनरल तिकीट १५ युरो, ऑनलाइन टाइम स्लॉट घेऊन ठेवा. रोज शेवटचे दोन तास एन्ट्री फुकट असते, सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७, त्यामुळे जो तो सांगतो की तेव्हाच जा, पैसे वाचतील, पण पहिल्यांदा जाताय ना मग माझं ऐका आणि पैसे भरून सकाळी १० ला दार उघडल्या उघडल्या आत शिरा, कारण त्या फुकटच्या वेळेला बाहेर ही भलीमोठी लाइन असते आणि एवढ्या लांब येऊन घड्याळाकडे बघत पळापळ करण्यात काय अर्थ आहे. तो टाइम दुसऱ्या खेपेला ठेवा, आवडलेलं एखादं चित्र परत बघायला एकदम बेस्ट.

आत फोटो काढायला बंदी आहे आणि मला हा नियम प्रचंड आवडला. समोर कोणाचे मोबाइल धरलेले हात नाहीत, सेल्फी नाही, लोक खरंच चित्राकडे बघत उभे असतात आणि मग आपणही आपोआप थांबतो.

१२ नंबरच्या हॉलमध्ये स्पेनच्या राजदरबारातला चित्रकार वेलाझ्केझ याचं 'लास मेनिनास' आहे, १६५६ चं, तीन मीटरपेक्षा उंच. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिच्या दिमतीच्या मुली, पुढे पसरलेला कुत्रा, डावीकडे ब्रश घेऊन स्वतः वेलाझ्केझ, आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी, म्हणजे ते दोघं जिथे उभे असणार तिथेच नेमके आपण उभे असतो! हे लांबून बघून झालं की जेवढं जवळ जाऊ देतात तेवढं जा आणि राजकन्येच्या ड्रेसची बाही बघा. जवळून नुसते ब्रशचे फटकारे, राखाडी, पांढरे, मध्येच जरासा लाल, कशाचा कशाला मेळ नाही, आणि चार पावलं मागे सरकलं की त्याचंच रेशीम आणि लेस होते. मी पुढे-मागे करतच राहिले तिथे. चित्रातल्या वेलाझ्केझच्या छातीवरचा लाल क्रॉस पण बघा, ती सांतियागो या सरदारांच्या संघाची खूण, तो मान त्याला १६५९ मध्ये मिळाला, म्हणजे क्रॉस चित्र झाल्यावर नंतर रंगवलाय.

मग खालच्या मजल्यावर स्पॅनिश चित्रकार गोया. '३ मे १८०८' हे फ्रेंच सैनिक माद्रिदच्या लोकांना गोळ्या घालतानाचं चित्र, त्यात पांढऱ्या शर्टातला माणूस हात वर करून बंदुकांसमोर उभा आहे आणि गोळ्या घालणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही, अंगावर काटा येतो. ६७ नंबरच्या हॉलमध्ये त्याची ती काळी चित्रं, एकूण १४. म्हातारपणी, ऐकू येणं कधीच बंद झालेलं असताना त्याने ही आपल्या घराच्या भिंतींवर थेट रंगवली, कोणाला दाखवायला नाही, विकायला नाही, नावं पण त्याने दिलेली नाहीत. भिंतींवरून ती कॅनव्हासवर घेतली १८७४ नंतर. त्यातला स्वतःच्या पोराला खाणारा रोमन देव सॅटर्न सगळ्यांना माहीत असतो, पण माझे पाय हललेच नाहीत ते कुत्र्याच्या चित्रापासून, नुसतं डोकं दिसतंय आणि वर सगळं पिवळट रिकामं, बास. लहान मुलं बरोबर असतील तर हा हॉल आधी तुम्ही एकट्याने बघून ठरवा.

जुना डच चित्रकार बॉश याच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' या तीन फळ्यांच्या चित्रापुढे गर्दी असणारच, थोडं थांबलं की जागा मिळते. उजवीकडच्या नरकाच्या फळीला वेळ द्या, दोन कानांमध्ये सुरी काय, माणसांना गिळणारा पक्षी काय, आणि हे पाचशे वर्षांपूर्वीचं आहे यावर विश्वास बसत नाही.

धार्मिक चित्रं मात्र खूप आहेत, बायबलच्या गोष्टी माहीत नसतील तर नंतर नंतर सगळी सारखी वाटायला लागतात, तिथे सरळ पुढे जा. फक्त रोहिर व्हान डर वेडन या जुन्या चित्रकाराचं येशूला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र सोडू नका, त्यातल्या गालांवरच्या अश्रूंसाठी तरी.

पाचपैकी पाच. आणि पिकासोचं 'गेर्निका' इथे शोधत बसू नका, ते जवळच्याच रेना सोफिया म्युझियममध्ये आहे, त्याचं तिकीट वेगळं, आणि जमलं तर त्याच दिवशी दोन्ही करू नका.