तापाचा ‘पाच दिवसांचा कोर्स’: आधी पुडी उघडून बघा

सौदा असा होतो. घरात ताप शिरतो. यंत्रमागावर खाडा पडायला नको असतो, विडीची मजुरी तर हजारी विड्यांवर, त्यामुळे झोपून राहणं परवडत नाही. मग कुणी ओळखीचा एजंट ‘व्हायरसवरचा कोर्स’ घरपोच आणून देतो. पंधराशे रुपये, रोख, बिल नाही. ‘दवाखान्यात गेलात तर ॲडमिटच करून घेतील’ हा सल्ला फुकट.

पाकिटात बहुधा आयव्हरमेक्टिन १२ मिग्रॅच्या पाच गोळ्या, डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅच्या दहा कॅप्सूल, झिंक, पॅरासिटामॉल आणि छोट्या पिशवीत सुट्या, बारीक पांढऱ्या गोळ्या असतात. स्ट्रिपा कापलेल्या, बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा नेमका गायब. मेडिकलमधून बिलासह घेतलं तर हे सगळं पाचशेच्या आत बसतं.

आयव्हरमेक्टिन खरं औषध आहे, पण खरूज आणि जंतांवरचं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत त्यानं बशीतल्या पेशींमध्ये कोरोनाचा विषाणू रोखला. मात्र त्यासाठी जेवढी मात्रा लागली, तिच्या जवळपासही नेहमीच्या डोसनं रक्तातली पातळी जात नाही. २०२१ मध्ये केंद्राच्या उपचार-सूचनांत ते होतं, सप्टेंबरमध्ये काढलं. एजंट मोबाईलवर त्या सूचनांचा जो कागद दाखवतो, तो त्याच्या आधीचा. २०२२ मध्ये ब्राझीलमधली टुगेदर आणि अमेरिकेतली कोविड-आउट या दोन्ही चाचण्यांत, घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नाही. डॉक्सीसायक्लिनचं ब्रिटनमधल्या प्रिन्सिपल चाचणीत तेच झालं. काही जण तर स्वस्तात म्हणून जनावरांची गोळी तोडून देतात. तिच्यात ८० ते १०० मिग्रॅ असतात. साठ किलोच्या माणसाला खरजेसाठी लागतात १२. जास्त झालं की झोक जातो, उलट्या होतात, माणूस गुंगीत जातो.

तरीही ‘गुण आला’ असं लोक शपथेवर सांगतात. त्याचं गुपित त्या पिशवीत आहे. त्या गोळ्या बहुतेकदा डेक्सामेथासोनच्या, ०.५ मिग्रॅच्या. म्हणजे स्टेरॉइड. काही तासांत ताप उतरतो, भूक लागते, एजंटाचं नाव होतं. २०२० च्या रिकव्हरी चाचणीत याच औषधानं जीव वाचवले, पण ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नव्हता, उलट नुकसानीची शंका होती. मधुमेही माणसाची साखर तर पार चढते, आणि त्यातूनच म्युकरची बुरशी फोफावते.

पावसाळ्यात हाच कोर्स डेंग्यूलाही खपवतात आणि अंगदुखीसाठी वर डायक्लोफेनॅक देतात. डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असताना! शिवाय डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. ताप दाबला की तो टप्पा कळतच नाही. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, विलक्षण मरगळ: यातलं एकही दिसलं तर तासभरही थांबू नका.

घेतलाच असेल कोर्स, तर पाकीट आणि उरलेल्या गोळ्या जपून ठेवा. सुट्या गोळ्या पिशवीसकट सिव्हिलच्या डॉक्टरांसमोर ठेवा, किती दिवस आणि दिवसाला किती गेल्या ते सांगा, साखर तपासून घ्या. दोन-तीन आठवडे रोज गेल्या असतील तर मनानं एकदम बंद करू नका. आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करताना ती कापलेली स्ट्रिपसुद्धा सोबत न्या.