जुन्या सामुराईवर चौदा महिने: काय लावलं आणि काय परत काढलं

गाडी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यावर हौसेने बरंच काही चढवलेलं होतं. पुढे जाड लोखंडी बंपर, टपावर वेल्डिंग करून घेतलेलं कॅरिअर, पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कड्या. सुझुकी सामुराई, म्हणजे एसजे ४१३ घराणं. भारतात जिप्सी नावाने जी आली, तिची ही आखूड बहीण. इंजिन १,३२४ सीसी, ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास. चौदा महिने मी ती रोज चालवतोय, डोंगरातल्या कच्च्या वाटांवरही नेतोय. कमी खर्चातल्या कामांनी ती किती बदलली ते लिहून ठेवतो.

माझं पहिलं काम होतं उतरवण्याचं. बंपर काढून काट्यावर ठेवला तर ४६ किलो भरला. कॅरिअर ३४ किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस कायम गाडीत बसलेला, आणि तोही सगळ्यात वाईट जागी. बंपर पुढच्या एक्सलच्याही पुढे लटकतो, त्यामुळे पुढच्या पाट्यांवर त्याचा भार त्याच्या वजनापेक्षा जास्त पडतो. टपावरचं वजन अरुंद आणि उंच गाडीला वळणात आणि आडव्या उतारावर बाहेर ओढतं. दोन्ही उतरवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजलं, पुढची बाजू २२ मिलिमीटर वर आली होती. एक पैसा न घालता लिफ्ट मिळाली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जिथे दम टाकायची, तिथे आता ओढते. या गाडीची खरी ताकद तिच्या हलकेपणात आहे, आणि त्यानंतर प्रत्येक गोष्ट विकत घेण्याआधी मी तिचं वजन विचारायला लागलो. विंचचा, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढणाऱ्या चरखीचा, विचार तिथेच सोडला. मजबूत हुक, चांगला दोर, फावडं आणि सोबत दुसरी गाडी, एवढ्यावर माझं कधी अडलेलं नाही. मात्र हुक चॅसीला जाड बोल्टनी घट्ट बसवलेला हवा. ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो आणि माणसं मरतात.

लांब शॅकलही काढल्या. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते, आणि पुढे त्याची किंमत कॅस्टरमध्ये, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याच्या मागे झुकलेल्या कोनात, मोजावी लागते. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं नाही, हाताने आणावं लागायचं. डिफ्रन्शियल (एक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) तर जमिनीपासून होतं तिथेच राहतं, कारण त्याला वर उचलतो तो फक्त टायर. मूळ मापाच्या शॅकल टाकल्या, नवे रबरी बुश बसवले, पाटे सोडवून तारेच्या ब्रशने घासले, प्रत्येक पाट्याचं टोक ग्राइंडरने गोल केलं आणि मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरलं. दोन दिवस हात काळे झाले. पण खड्ड्यात बसणारा दणका निम्म्यावर आला असं मी मनापासून सांगू शकतो. बुश आधी पॉलियुरेथेनचे लावून पाहिले होते. टिकतात चांगले, पण ग्रीस वाळलं की कुरकुरतात आणि सवारी कडक होते.

आता थरथरीबद्दल. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना हे माहीत असेलच: पन्नास-पंचावन्नच्या वेगात एका खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग दोन्ही हातांत धडधडायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते सुटत नाही. मी चाकं बॅलन्स करून घेतली. मग स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) लावला. त्याने दोन महिने त्रास लपवला, आजार तसाच राहिला. शेवटी पुढचं चाक जॅकवर घेतलं, टायर वर आणि खाली धरून हलवला, तर आतून ‘टक’ असा आवाज आला. मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवला. तरीही टक. ही परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे: ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं ती. नकल (किंगपिनभोवतीचं घर) उघडलं तेव्हा आतलं ग्रीस वाळलेल्या चिखलासारखं झालं होतं, कारण बाहेरचं वायपर सील फाटून कितीतरी वर्षं धूळ आत जात होती. खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरांनी एकाशेजारी एक असे खळगे पाडले होते. त्यावरून नख फिरवलं तर ते मोजता येत होते. चाक सरळ असताना रोलर नेमके त्या खळग्यांत बसायचे, म्हणून काही बिघडलंय असं वाटायचंच नाही. चारही बेअरिंगं आणि दोन्ही बाजूंची सीलं बदलली, टोपीखालची कागदासारखी पातळ एक शिम (पत्र्याची चकती) काढून बेअरिंगांवरचा दाब वाढवला. त्याला अकरा महिने झाले, थरथर एकदाही आली नाही. जुन्या सामुराईवर एकच काम करायचं असेल तर हे करा, बाकी सगळं नंतर.

ब्रीदरचं, म्हणजे डिफ्रन्शियलमध्ये हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडाचं, काम तर इतकं स्वस्त आहे की ते न करण्याला कारणच नाही. चालून चालून डिफ्रन्शियल तापतं. तापलेलं असतानाच ते ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. ब्रीदर पाण्याखाली असला किंवा चिखलाने बुजलेला असला तर हवेऐवजी पाणी आत जातं, कधी ब्रीदरमधून तर कधी सीलच्या ओठावरून. माझ्या मागच्या डिफ्रन्शियलचा नट सोडला तेव्हा दुधाळ, राखाडी ऑईल आलं. दोनदा ऑईल बदलून ते धुऊन काढलं, आणि दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) अशा चौघांच्या ब्रीदरला रबरी नळ्या लावून त्या बॉनेटखाली वर नेऊन बांधल्या. त्यानंतर दोन पावसाळे पाण्यातून गेलो. ऑईल स्वच्छ आहे.

हेडलाइट मंद होते म्हणून एलईडीची पट्टी घ्यायला निघालो होतो. आधी मीटर लावला: बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बवर ११.१. मधला सगळा दाब जुन्या वायरी, स्विच आणि गंजलेली अर्थिंग खात होते. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी घटतो. दोन रिले (विजेने चालणारे स्विच), बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज आणि घासून चकचकीत केलेला अर्थ, एवढ्यात तेच बल्ब पांढरे पेटले. पट्टीची गरज उरली नाही.

टायर मात्र मनापासून घेतले, आणि सगळ्यात मोठा खर्च तोच. मूळ २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन लावले. उंची ३५ मिलिमीटरने वाढली, म्हणजे डिफ्रन्शियलखाली जेमतेम १८ मिळाले. वेगमापक ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळत असते. पाचवा गिअर आता फक्त सपाटीवर कामाचा. याहून मोठे टायर घातले असते तर ट्रान्स्फर केसमध्ये खालचे गिअर टाकावे लागले असते. मूळ लो रेंज (हळू पण जोरात ओढणारा गिअर) २.२६८ ची आहे, चारच्या वरचे संच मिळतात, पण ते काम कमी खर्चाचं नाही. गाडी हलकी असल्याने कच्च्या वाटेवर मी हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर लांबट पसरून दगडाला धरतो, आणि जिथे चाकं गरगरायची तिथे गाडी चालत्या पावली चढते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत हवाच, डांबरावर आल्यावर पहिलं काम हवा भरण्याचं. मोठं माप लावण्याआधी ते नोंदणीत आणि विम्यात बसतं का, एवढं बघून घ्या.

फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडणारे) उघडून साफ केले, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पातळ ग्रीसचा एक हात पुरतो. घट्ट भरलं तर थंडीत ते लॉक व्हायला कुरकुर करतात.

राहिलेलं काम ट्रान्स्फर केसच्या रबरांचं. या गाडीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी, तीन रबरांवर टांगलेली असते. क्लच सोडताना खालून एक ठोका येतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की ४×४ ची दांडी बोटभर पुढे सरकते. पहारीने हलवून पाहिलं, उजवीकडचं रबर धातूपासून सुटलंय. तिन्ही मागवलीत. ती येईपर्यंत लो रेंजमध्ये चढावर सुरुवात करताना क्लच अगदी हळू सोडतोय.