फेस फ्रेम की फ्रेमलेस? दोन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

किचनची कॅबिनेटं या दोन पद्धतींनी बनतात. माझ्याकडे आधी फेस फ्रेमचं किचन होतं, आता फ्रेमलेस वापरतेय, तर सरळ सांगते, ओट्याखाली ड्रॉवर जास्त करणार असाल तर फ्रेमलेसच घ्या, मला तरी खूप आवडलंय.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी: फेस फ्रेममध्ये प्लायच्या खोक्याच्या तोंडावर लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकतात. फ्रेमलेसमध्ये ही चौकटच नसते, बिजागरी थेट खोक्याच्या बाजूला लागते आणि शटर, म्हणजे कॅबिनेटचं दार, सगळी कड झाकून टाकतं. बास, एवढंच. पण या एवढ्याशा चौकटीमुळे रोजच्या वापरात किती फरक पडतो बघा. ६०० मिमीचं कॅबिनेट धरा, प्लाय १८ मिमीचा, म्हणजे आत ५६४ मिमी मोकळे मिळतात. आता त्याला चौकट लावली, दोन्ही बाजूंची पट्टी साधारण ३८-३८ मिमी रुंद असते, की ६०० मधून ७६ जाऊन तोंड उरलं ५२४. नुसतं शटरचं कपाट असेल तर आतली जागा तेवढीच राहते, फक्त कडेचं सामान काढताना हात अडतो, पण ड्रॉवरला त्या तोंडातूनच बाहेर यायचं असतं ना, त्यामुळे तो ४० मिमीने अरुंदच करावा लागतो आणि हे प्रत्येक ड्रॉवरला होतं! शिवाय रुंद कॅबिनेटला मध्ये उभी पट्टी आली की मोठं पातेलं, परात आडवी आत जातच नाही, तिरकी करून घालायची. फ्रेमलेसला दोन्ही शटर उघडली की पूर्ण तोंड मोकळं.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे मापं ठरलेली असतात. खोक्याच्या बाजूंना आतून ५ मिमीची भोकं ३२ मिमीच्या अंतरावर, पुढची ओळ कडेपासून ३७ मिमीवर, त्यामुळे चॅनल (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी), बिजागरी, फळीच्या पिना सगळं त्याच भोकांत बसतं. फळी वरखाली करायला सुताराला बोलवावं लागत नाही.

आता जिथे फेस फ्रेम खरंच सरस आहे ते पण सांगते. भिंती वाकड्या असतील तर चौकटीची पट्टी थोडी जास्त ठेवून भिंतीच्या उतारानुसार तासून घेता येते, एकदम बेमालूम दिसतं. फ्रेमलेसला तिथे फट भरायला वेगळी फिलर पट्टी लागते, आणि कोपऱ्यात तर लागतेच, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या हँडलला धडकतो. दुसरं म्हणजे चौकट खोक्याला ताठ धरून ठेवते. फ्रेमलेसमध्ये ती ताकद मागच्या पाटीतून आणि सांध्यांतून यायला हवी, म्हणून पाटी नुसती मागून ठोकलेली पातळ शीट नको, नीट खाचेत बसवलेली किंवा चांगली जाड घ्या. खोकं जरा जरी काटकोनातून गेलं तर शटरमधल्या २-३ मिमीच्या फटी वाकड्या दिसायला लागतात. थोडाफार फरक बिजागरीच्या स्क्रूने निघतो, सगळा नाही.

इनसेट, म्हणजे शटर चौकटीच्या आत सपाट बसतं ते, दिसायला सगळ्यात सुंदर, यात वादच नाही. पण भरीव लाकडाचं शटर दमट हवेत फुगतं आणि मग घासतं, सुतार खूप तयारीचा असेल तरच करा.

फ्रेमलेस घेतलंत तर एज बँडिंगवर, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवतात त्या पट्टीवर, बारीक लक्ष ठेवा, कारण प्लायच्या कडा झाकायला दुसरं काहीच नसतं. सिंकखालच्या कॅबिनेटची खालची कड आवर्जून बघा, दिसत नाही म्हणून ती बरेचदा तशीच सोडतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.