तव्यावरून थेट तोंडात: ओसाकात ओकोनोमियाकी खाण्याचा काही महिन्यांचा अनुभव

ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी आणि पिठाचा तव्यावर भाजलेला जाडसर जपानी पदार्थ, खायला जायचं असेल तर ज्या दुकानात टेबलातच तवा बसवलेला असतो तिथेच जा, आणि पदार्थ ताटलीत काढून घेऊ नका. एवढं लक्षात ठेवून कुणी ओसाकाला आलं तरी पुरे. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण इथे यायच्या आधी मी बरंच शोधलं होतं आणि मराठीत फारसं काही हाती लागलं नव्हतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मागच्या हिवाळ्यात आम्ही ओसाकाला राहायला आलो. तेव्हापासून बाहेर जेवायचा विषय निघाला की आमचे पाय बहुतेक वेळा याच दुकानांकडे वळतात. मोठ्या साखळ्यांची दुकानं झाली, घराजवळची चार टेबलांची दुकानं झाली, रांग लावून मिळणारी नावाजलेली ठिकाणंही झाली. त्यामुळे आता जे लिहितेय ते पहिल्या भेटीच्या उत्साहातलं नाही.

आधी पदार्थ. ओसाकाच्या ओकोनोमियाकीत मुख्य असतो कोबी, जाडसर चिरलेला आणि भरपूर. पीठ त्याला धरून ठेवण्यापुरतंच. मैदा, दाशी म्हणजे सुकवलेला मासा आणि समुद्री शेवाळ यांचं सत्त्व उतरलेलं पाणी, अंडं, आणि नागाइमो नावाचा किसल्यावर बुळबुळीत होणारा कंद. या कंदामुळे आतून हलकेपणा येतो. त्यात तेम्पुरा तळताना कढईत सुटणारा पिठाचा कुरकुरीत चुरा, ज्याला इथे तेनकासु म्हणतात, आणि आल्याचं लालभडक लोणचं. वरून डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे लांब, पातळ काप. हा झाला ‘बुतातामा’, प्रत्येक दुकानाच्या यादीत सगळ्यात वर असणारा. मांसाऐवजी माकूळ घातलं की ‘इकातामा’. कोळंबी, चीज, मोची (चिकट तांदळाचा मऊ गोळा), मका असं बरंच काही घालून मिळतं, पण नवीन दुकान पारखायचं असेल तर बुतातामाच मागवावा. त्यात लपवायला जागाच नसते.

आता तो होतो कसा ते. टेबलाच्या मधोमध काळा लोखंडी तवा, तेप्पान, टेबलाच्या पातळीतच बसवलेला आणि खाली गॅस. बसल्याबरोबर चेहऱ्याला ऊब लागते. दुकानातली मुलगी तव्याला तेल लावते आणि स्टीलचं भांडं घेऊन येते. त्यात कोबीचा ढीग आणि वर फोडलेलं अंडं. मोठ्या चमच्याने ती खालून वर, खालून वर असं भराभर ढवळते आणि पीठ कोबीला जेमतेम लागलंय तोच थांबते. जास्त ढवळलं तर मिश्रणातली हवा जाते आणि मैद्याला चिवटपणा येतो. मग सगळं तव्यावर ओतून कडेने गोल करून घेते, चांगलं दोन बोटं जाड. मांसाचे काप वर शेजारी शेजारी अंथरते आणि निघून जाते.

इथून पुढची काही मिनिटं कुणी काही करायचं नसतं. वर झाकण नाही, दाबणं नाही, सारखं उचलून बघणं नाही. आपल्या हाताला शिवशिवतं, पण दाबलं की आतली वाफ निघून जाते आणि कोबी शिजण्याऐवजी गच्च बसतो. कडा ओलसर दिसायच्या थांबल्या की मुलगी दोन उलथणी घेऊन परत येते. इथे त्यांना ‘कोते’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी तळाशी सरकवते, थोडं उचलते आणि मनगटाच्या एका झटक्यात स्वतःकडे उलटवते. मांस खाली गेलं की त्याच्याच चरबीत ते चुरचुरायला लागतं. टेबलावरचं बोलणं हमखास या क्षणी थांबतं. पुन्हा एकदा उलटवून झालं की ब्रशने दाट, काळपट सॉस. त्याचे ओघळ तव्यावर पडून करपतात, आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यापर्यंत येणारा तो खमंग वास याचाच. मग मेयोनीजच्या रेघा, शेवाळाची हिरवी पूड आणि वाफेवर वळवळणारे सुक्या माशाचे कागदापेक्षा पातळ पापुद्रे. ऑर्डर दिल्यापासून पंधरा-वीस मिनिटं गेलेली असतात.

खरी मजा याच्या पुढे आहे, आणि ताटलीत घेणाऱ्यांना ती मिळत नाही. इथली माणसं पिझ्झासारखे त्रिकोण पाडत नाहीत, उभे-आडवे छेद देऊन चौकोन करतात आणि लहान कोतेने तव्यावरूनच तोंडात टाकतात. गॅस बारीक केलेला असतो, पण तवा गरमच. त्यामुळे खाता खाता पदार्थ बदलत राहतो. पहिला चौकोन मऊ, आतून जवळजवळ ओला, कोबीची गोडी जाणवणारा. अर्ध्यावर येईपर्यंत तळ खरपूस होतो. शेवटच्या दोन-तीन तुकड्यांना कडेला सांडून घट्ट झालेला सॉस चिकटलेला असतो आणि ते चावताना कुरकुर आवाज येतो. मला शेवटचे तुकडे सगळ्यात जास्त आवडतात. ताटलीतला शेवटचा तुकडा मात्र गार आणि लिबलिबीत होतो. पदार्थ तोच, पैसे तेवढेच, तरीही.

स्वतः भाजायचं की त्यांना भाजू द्यायचं, हा प्रश्न ओळखीच्या प्रत्येकाने विचारलाय. ओसाकात बऱ्याच ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. काही दुकानांत आतल्या मोठ्या तव्यावर करून आणून आपल्या तव्यावर सरकवतात, तर ‘त्सुरुहाशी फूगेत्सु’सारख्या साखळीत त्यांची माणसं आपल्या टेबलावर येऊन भाजतात. आपण भांडं हातात घ्यायची प्रथा टोकियोकडे जास्त. इथेही अशी दुकानं आहेत, आणि चार मित्र किंवा मुलंबाळं बरोबर असतील तर तिथे वेळ फार छान जातो. पण चव हवी असेल तर पहिल्या दोन-चार वेळा त्यांनाच करू द्या आणि नीट बघा. कधी उलटवायचं हे ती माणसं घड्याळापेक्षा कडा बघून आणि आवाज ऐकून ठरवतात.

सॉसबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धाआधी इथे ‘इस्सेन योशोकु’ म्हणजे एक सेन (येनचा शंभरावा भाग) किमतीचा पाश्चात्त्य खाऊ मिळायचा: पातळ पिठावर कांद्याची पात आणि वर वूस्टर सॉस. युद्धानंतर तांदळाची टंचाई आणि अमेरिकेतून आलेला गहू, यातून हाच खाऊ पोटभरीचं जेवण झाला. वूस्टर सॉस पातळ, पदार्थावर टिकत नाही, ओघळून तव्यावर जातो. म्हणून हिरोशिमाच्या ‘ओताफुकु’ कंपनीने 1952 साली खास ओकोनोमियाकीसाठी दाट सॉस काढला. त्याची गोडी कशातून येते हे बाटलीवर वाचलं तेव्हा मी चकित झाले: त्यात खजूर आहे! त्यानंतर पुन्हा चाखून बघितला तर भेळेवरच्या चिंच-खजुराच्या चटणीची आठवण आलीच. आंबटगोड, थोडी मसाल्याची झाक, मागे खजुराचा दाटपणा. मराठी माणसाच्या जिभेला हा पदार्थ परका वाटत नाही त्याचं निम्मं कारण हा सॉस आहे, असं माझं मत झालंय.

आता ओसाकातली काही दुकानं. दोतोनबोरी भागातलं ‘मिझुनो’ 1945 पासूनचं. तिथला ‘यामाइमोयाकी’ मैद्याऐवजी कंदाच्या किसावर केलेला असतो, तोंडात घातला की विरघळतो. रांग मोठी असते, पण एकदा तरी उभं राहावं. त्सुरुहाशी भागात कोरियन वस्ती असल्यामुळे किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं तिखट कोरियन लोणचं, घातलेला प्रकार तिथे उत्तम मिळतो. नूडल्स घातलेला ‘मोदानयाकी’ दोघांत एक पुरतो. आणि जुसो भागातलं ‘यामामोतो’, 1965 सालापासून ‘नेगियाकी’साठी प्रसिद्ध. यात कोबी नाहीच, मूठमूठ हिरवी पात, आणि गोड सॉसऐवजी सोया सॉस आणि लिंबू. गोड चव न आवडणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

हिरोशिमाला शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तासात पोहोचता येतं, म्हणून मुद्दाम जाऊन आलो. तिथला प्रकार वेगळा. काहीच कालवत नाहीत, थर लावतात. तव्यावर पातळ पिठाचा कागद, त्यावर कोबीचा डोंगर, मोड आलेलं कडधान्य, मांस, मग सगळं उलटं करून नूडल्सवर आणि शेवटी फोडून पसरलेल्या अंड्यावर. डोंगर वाफेने खाली बसताना बघणं हाच एक कार्यक्रम असतो. ‘ओकोनोमिमुरा’ या इमारतीत मजल्यामजल्यावर अशी दुकानंच दुकानं आहेत आणि प्रत्येकात तव्याभोवती बाकडी. 1945 च्या बॉम्बने बेचिराख झालेल्या शहरात लोखंडी पत्र्यांवर पीठ भाजून माणसं जगली, त्यातून ही परंपरा उभी राहिली. तिथे हे गिऱ्हाईकाने स्वतः करायची रीत नाही, आणि ते काम खरंच कसबाचं आहे. मला चव हिरोशिमाची जास्त स्वच्छ वाटली, पण टेबलाभोवती आपली माणसं बसलेली असणं हे ओसाकातच. टोकियोच्या त्सुकिशिमा भागातला, पातळ पिठाचा ‘मोंजायाकी’ही खाल्ला. छोट्या उलथण्याने तव्यावर दाबून खरवडून खायचा. करपलेला पापुद्रा छान, पण त्यावर जेवण झालं असं मला वाटत नाही.

शाकाहाराबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. कडक शाकाहारी माणसाने ओळख नसलेल्या दुकानात जाऊन भागत नाही. मांस वगळायला सांगितलं तरी पिठात दाशी असते, बऱ्याच सॉसमध्ये मांसाचा नाहीतर कालवांचा अर्क असतो, आणि तवा सगळ्यांचा एकच. एका दुकानात आम्ही दोनदा विचारून खात्री केली होती, तरी पदार्थ आला तो वर माशाचे पापुद्रे उधळूनच. त्यांच्या मते मासा मांसात मोडत नव्हता. टेबलावर बसलेल्या सासूबाईंना त्या दिवशी नुसत्या भातावर राहावं लागलं, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मार्ग निघाला तो घराजवळच्या छोट्या दुकानात. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, एकट्याच सगळं बघतात. आदल्या दिवशी जाऊन सगळं लिहूनच दिलं: मासा नको, मांस नको, अंडं नको, दाशी नको. त्यांनी तवा आमच्यासमोर खरवडून, पुसून घेतला. पीठ नुसत्या पाण्यात भिजवलं आणि अंड्याऐवजी नागाइमो जास्त किसला. या कंदाच्या चिकटपणावर पीठ बिनअंड्याचंही छान धरतं. आत कोबी, मका, मोचीचे तुकडे, वर सोया सॉस. सासूबाई आधी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. उलटवायची वेळ झाली तशा म्हणाल्या, “अगं, त्यांना विचार ना, मी उलटू का?” मालकीणबाईंनी न विचारताच दोन्ही कोते त्यांच्या हातात दिले. सासूबाईंनी एकाच झटक्यात ते असं उलटलं की बाईंनी टाळ्या वाजवल्या. नाशिकला परत गेल्यापासून सासूबाई दर फोनवर त्या बाईंची चौकशी करतात. अशी सोय हवी असेल तर गर्दीची प्रसिद्ध ठिकाणं सोडून गल्लीतलं दुकान गाठा, आधी जाऊन सांगा, आणि दुपारी उशिरा, रिकाम्या वेळी जा. वरचे पापुद्रे नको असतील तर ‘कात्सुओबुशी नुकी दे’ म्हणा, हे सगळीकडे कळतं.

तक्रारी आहेतच. वास कपड्यांतून दोन धुण्यांशिवाय जात नाही. दुकानं कोटासाठी मोठी पिशवी देतात किंवा स्टुलाच्या आत ठेवायला जागा असते, ती वापराच. केसांचा मात्र इलाज नाही. ऑगस्टमध्ये गरम तव्यासमोर बसणं एसी असूनही सोसत नाही, आम्ही तो महिना जवळपास टाळलाच. लहान मुलांना कडेला, हात पोहोचणार नाही असं बसवा, तव्याची कड दिसत नाही तितकी तापलेली असते. सॉस, मेयोनीज मिळून मीठ बरंच होतं. रक्तदाब असलेल्यांनी सॉस कमी लावायला सांगावा, कुणी वाईट मानत नाही. आणि भूक लागल्यावर जाऊ नये, भूक लागायच्या आधी जावं, कारण ती पंधरा-वीस मिनिटं कमी होत नाहीत.

बुतातामा साधारण हजार येनच्या आसपास, नूडल्सचे आणि मिश्र प्रकार त्याहून थोडे महाग. प्यायला काही घेतलं तरी माणशी दोन हजारांत पोट भरतं. टिप द्यायची नसते. छोट्या दुकानांत रोख पैसे जवळ ठेवा. कोबी हिवाळ्यात घट्ट आणि गोड असतो, वसंतातला कोवळा आणि पाणीदार, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्यांना चव जास्त चांगली मिळेल.

दोघंच असलो की आम्ही आधी नेगियाकी घेतो आणि तो अर्धा संपला की बुतातामा सांगतो. सॉसचा गोडवा एकदा तव्याला लागला की पातीची चव कळत नाही, म्हणून हा क्रम. चार जण असाल तर तिसरा मोदानयाकी सांगा, पण तिन्ही एकदम सांगू नका. तव्यावर जागा राहत नाही आणि घाईघाईत खावं लागतं.