क्लोरीन खाणारं विरजण: ४ स्टार, पण आधी पीएच बघा

न्यू जर्सीत माझं काम जमिनीखालचं पाणी साफ करायचं, आणि बऱ्याचशा साइट्स म्हणजे जुनी ड्राय क्लीनिंगची दुकानं. कपडे धुवायचं पर्क (परक्लोरोइथिलीन, क्लोरीनवालं द्रावण) वर्षानुवर्षं फरशीखालून झिरपत गेलेलं असतं. त्यावर डीहॅलोकॉकॉइडिस बॅक्टेरियाचं कल्चर विकत मिळतं, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जी गोची झाली ती निम्मी आमचीच होती.

माल येतो बिअरच्या केगसारख्या स्टीलच्या पिंपात. हवा लागली की हे मरतात, म्हणून नायट्रोजनच्या प्रेशरने थेट बोअरमध्ये ढकलायचे. त्याआधी सोयाबीन तेलाचं इमल्शन जमिनीत सोडायचं (हो, आपलं फोडणीचंच तेल), तिथले बाकीचे बॅक्टेरिया ते खाताना ऑक्सिजन संपवतात, तेल आंबतं, हायड्रोजन तयार होतो, आणि तो हायड्रोजन वापरून आपले हिरो पर्कवर श्वास घेतात. आपण ऑक्सिजनवर घेतो तसाच. एकेक क्लोरीन काढत जायचं, पर्कचं टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन), त्याचं डीसीई (डायक्लोरोइथिलीन), मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी इथीन, म्हणजे ज्या गॅसवर केळी पिकतात तो. पहिल्या एकदोन पायऱ्या बरेच जण उतरतात, शेवटपर्यंत नेणारे हेच. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी यांना पहिल्यांदा वेगळं काढलं ते कुठून, तर सांडपाण्याच्या गाळातून!

आता गोची. तेल आंबलं की ॲसिड होतं हे माहीत असूनही आम्ही बफर (ॲसिड मारणारा पदार्थ) टाकला नाही, आमची माती वाळूची, चुना नावालाही नाही, पीएच सहाच्या खाली गेला आणि हे साहेब संपावर. विक्रेत्याने ऑर्डर घेताना पीएच विचारलासुद्धा नव्हता. सहा महिन्यांनी लॅब रिपोर्ट आला तर पर्क जवळपास गायब, क्लायंट खूश, मला मात्र घाम फुटला कारण डीसीईचा डोंगर आणि वर व्हिनाइल क्लोराइड चढतंय. ते तर माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं, पिण्याच्या पाण्यात ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) मर्यादा पर्कला लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि याला फक्त २. म्हणजे रिपोर्टचं पहिलं पान बघून टाळ्या वाजवल्या असत्या तर पाणी आधीपेक्षा वाईट करून घरी गेलो असतो.

मग खायचा सोडा ढकलला पोत्यापोत्याने, नवीन केग मागवला, स्वतःच्या खर्चाने. पुढच्या वर्षी इथीन दिसलं तेव्हा ऑफिसात मी एकट्यानेच पेढे वाटले, बाकीच्यांना कळेना कशाचे.

बाकी कटकटी: विहिरीतल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, लोखंड विरघळून पाणी लाल होतं, मिथेनही तयार होतो त्यामुळे वर बिल्डिंग असेल तर तळघरात मीटर लावा. vcrA जीनची टेस्ट विक्रेते वेगळे पैसे लावून करतात, तरी कराच, व्हिनाइल क्लोराइड फोडणारे तिथे आहेत का ते त्यातून कळतं.

पंपाने पाणी उपसत वर्षानुवर्षं विजेचं बिल भरण्यापेक्षा हे मला कधीही परवडेल. एक स्टार कापला तो न विचारलेल्या पीएचचा.