स्टँडर्ड हेराल्ड: जुनीच चेसिस, नवा मागचा पाटा. आठ महिने, ४,३०० किलोमीटर

गाडी १९७० ची, हेराल्ड मार्क ३, चार दारांची. बाबांनी घेतलेली. मी चालवायला शिकले ती हिच्यावरच. बारा वर्षं शेडमध्ये उभी राहिल्यावर गेल्या जूनमध्ये ती परत रस्त्यावर आली. तेव्हापासून त्र्यंबक, वणी, रोजचा गंगापूर रोड आणि चार वेळा कसारा घाट झालाय. आता लिहायला हरकत नाही.

पद्मिनी किंवा अँबॅसिडरला बॉडी हीच चेसिस असते. हेराल्डचं तसं नाही. खाली वेगळी चेसिस आणि तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली बॉडी. आमच्या चेसिसचे मधले दोन मुख्य रेल ठणठणीत होते, पण बाजूचे आउटरिगर, म्हणजे रेलपासून बाहेर निघून बॉडी पेलणारे हात, बोट लावलं की भुगा होत होते. दारं लोंबायला लागली होती ती त्यामुळेच.

सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला, जिप्सीच्या चेसिसवर बॉडी बसवा. व्हीलबेस जवळपास सारखा आहे हे खरं, जिप्सीचा २,३७५ मिमी, हेराल्डचा २,३२४. पण मग गाडी उंच होणार, मागेपुढे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल येणार, आणि वळायला लागणारी इवलीशी जागा, जी हेराल्डची खरी शान, ती जाणार. अंबडच्या एका फॅब्रिकेटरने पाइपची नवी चेसिस करून देण्याची तयारी दाखवली. त्याचं काम मी पाहिलं होतं, उत्तम आहे. माझं मन तिकडे झुकलंही होतं. थांबले ती कागदांमुळे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीवरच्या तपशिलाशी खेळणं तसंही धोक्याचंच. बाबांच्या हातची आरसी मला जपायची होती.

म्हणून मूळ चेसिसच ठेवली. दारांच्या चौकटीत आधी पाइप वेल्ड करून बॉडी ताठ धरली, मग एकेक आउटरिगर कापून नवा बसवला. सगळे एकदम कापले तर बॉडी वाकते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. चेसिसचा खर्च ६२ हजार. आठ महिन्यांत एकाही दाराची फट हललेली नाही.

पण खरा प्रश्न मागच्या सस्पेंशनचा होता. लहानपणापासून बाबांचं एक वाक्य कानात आहे, "वळणात पाय काढायचा नाही." हेराल्डला मागे आडवा एकच पाटा (लीफ स्प्रिंग), आणि चाक फिरवणाऱ्या प्रत्येक अर्ध्या शाफ्टला आतल्या बाजूला एकच जॉइंट. जोरात वळताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक आतल्या अंगाने गाडीखाली दुमडतं आणि शेपूट निसटतं. त्यात मी एक घोडचूक केली. जुना पाटा एका पाटेवाल्याकडे कमान भरायला दिला. त्याने "ताई, नवीन करून दिलाय" म्हणत भरपूर कमान भरली. गाडी मागून मांजरासारखी पाठ काढून उभी राहिली, दोन्ही चाकं वर फाकलेली. तशी ती पांडवलेण्यापर्यंत नेली आणि जीव मुठीत धरून परत आणली.

शेवटी इंग्लंडहून स्विंग स्प्रिंग मागवली. हेराल्डची मूळ कंपनी ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ या स्पोर्ट्स कारला हीच युक्ती केली होती. पाट्याची एकच पट्टी डिफरन्शियलवर (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) घट्ट आवळलेली, बाकीच्या मधल्या पिनवर डुलतात. गाडी झुकली तरी पाटा चाकांना झुकवायला जात नाही. मात्र कलण्याला मागून होणारा विरोध कमी झाल्यामुळे गाडी जास्त कलते. हे कलणं रोखणारा पुढचा जाड अँटीरोल बार, २२ मिमीचा, कस्टममध्ये तीन आठवडे अडकला होता. त्या दिवसांत त्र्यंबक रस्त्यावर गाडी बोटीसारखी कलत होती. हे दोन्ही एकत्रच बसवा, अर्धवट बसवू नका.

जानेवारीत कसारा उतरताना पुढच्या कंटेनरने वळणातच ब्रेक मारला. माझा पाय आपोआप उचलला गेला. बाजूला बसलेल्या बाबांचा हात डॅशबोर्डवर गेला होता. शेपूट जागेवर राहिलं. बाबा घाट संपेपर्यंत काही बोलले नाहीत. कसाऱ्याला चहा पिताना मात्र त्यांनी खाली वाकून बराच वेळ मागची चाकं पाहिली.

तक्रारी आहेत. मागे दोन मोठी माणसं बसली की गाडी बसते, चाकं आत झुकतात आणि टायर आतून झिजतात. टायर १४५/८० आर १३, जुन्या वॅगनआरच्या मापाचे, सहज मिळतात. आठ महिन्यांत एकदा पुढचे-मागचे आलटून-पालटून लावावे लागले. पुढच्या विशबोनच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, सांध्यांत पॉलीयुरेथेनचे बुश टाकले होते. कुंभाच्या कामांनी खोदलेल्या रस्त्यांवर ते इतके कुरकुरले की ऑक्टोबरमध्ये काढून रबराचे टाकले. स्टिअरिंगचा नेमकेपणा किंचित गेला, पण आईला पुन्हा गाडीत बसवतं.

आणि पुढच्या ट्रनियनला, म्हणजे चाकाची उभी लिंक ज्यात आट्यांवर फिरते त्या सांध्याला, ग्रीस भरू देऊ नका. त्यात ईपी ९० गिअर ऑइलच जातं. ग्रीसने आटे कोरडे पडतात, पाणी शिरतं आणि वळणात उभी लिंक मोडून चाक निखळू शकतं. आमच्या मिस्त्रीकाकांच्या हातात सवयीने ग्रीसगनच येते, म्हणून निप्पलला लाल रंग लावून ठेवलाय. दर दोन महिन्यांनी ऑइल मी स्वतः भरते. मार्चमध्ये शॉकअप बदलणार आहे. पुढचे अजून मूळचेच आहेत आणि वणीच्या चढावर खड्डा आला की पुढचा भाग दोनदा उसळतो.